ठाण्यात नवीन आहात? नगरसेवकाकडून गल्लीतलं काम कसं करून घ्यायचं, पहिल्या अर्जापासून काम होईपर्यंत

गेल्या चार-पाच वर्षांत जे ठाण्यात राहायला आले, मग ते घोडबंदरच्या टॉवरमधे असोत नाहीतर कळव्याच्या चाळीत, त्यांना निवडून आलेला नगरसेवक बघायलाच मिळाला नव्हता. आधीच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मधे संपली, मग जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे, आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. नवी मुंबईत तर मुदत मे २०२० मधेच संपली होती. आता ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ नगरसेवक आलेत, त्यातले बरेच नवीन आहेत आणि आपल्यातलेही बरेच जण नवीन आहेत, त्यामुळे नेमकं काय मागायचं, कोणाकडे मागायचं, आणि मागितल्यावर पुढे काय होतं याबद्दल दोन्हीकडे गोंधळ आहे.

मी मानपाड्याच्या बाजूला राहते, सोसायटीच्या कमिटीवर आहे, आणि गटार, बंद पडलेले दिवे, अर्धवट राहिलेला फुटपाथ अशा कामांच्या मागे बरीच फिरलेय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नगरसेवक हा अधिकारी नसतो. महापालिका कायद्याप्रमाणे कारभार चालवायचा अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवक मागणी करू शकतो, ठराव मांडू शकतो, बजेटमधे कामाचं नाव घालायला लावू शकतो, अधिकाऱ्याला जागेवर आणून दाखवू शकतो, आणि सभेत सगळ्यांसमोर विचारू शकतो. हे सगळं करायला त्याच्या हातात तुमचा कागद लागतो. कागद नसेल तर ताई नाहीतर दादा कितीही चांगले असले तरी फोन करून थांबतात, कारण पुढे ढकलायला त्यांच्याकडे काहीच नसतं.

१. आधी आपला प्रभाग आणि आपली प्रभाग समिती शोधा

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच नव्वद टक्के लोक अडकतात. प्रभाग म्हणजे मतदानाचा वॉर्ड, ठाण्यात असे ३३ आहेत, त्यातल्या ३२ मधे चार-चार नगरसेवक आणि एकात तीन. प्रभाग समिती म्हणजे महापालिकेचं तुमच्या भागातलं ऑफिस, त्याच्यावर सहाय्यक आयुक्त बसतात. ठाण्यात अशा नऊ समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर नगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. एका समितीत अनेक प्रभाग येतात.

प्रभागाचा नंबर मतदार यादीवरून कळतो, पण जुनी स्लिप बघून ठरवू नका, निवडणुकीच्या आधी हद्दी नव्याने ठरतात आणि रस्त्याच्या या बाजूची बिल्डिंग एका प्रभागात, समोरची दुसऱ्यात असं खूप ठिकाणी असतं. महापालिकेच्या वेबसाइटवर प्रभागाचे नकाशे असतात, त्यात आपली गल्ली बोट ठेवून बघा.

चारही नगरसेवक अख्ख्या प्रभागाचे असतात. अ, ब, क, ड ही फक्त जागांची नावं, त्यांनी एरिया वाटून घेतलेला असतो तो आपसातला समजुतीचा मामला, कायद्यात तसं काही नाही. म्हणून "तुमचा भाग माझ्याकडे येत नाही" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, शांतपणे सांगा की पत्र चौघांच्या नावाने आहे, प्रत सगळ्यांना देतोय. आपण ज्याला मत दिलं फक्त त्याच्याकडे जायचं ही पण चूकच, दुसऱ्या पक्षाचा असला तरी निवडून आला की तो तुमचाच.

२. काम कोणाच्या अखत्यारीत येतं ते तपासा

यावर वेळ घालवा, खरंच. चुकीच्या दारात सहा महिने उभं राहण्यापेक्षा दोन दिवस चौकशी बरी.

ठाण्यात रस्ता म्हटला की महापालिकेचाच असं नसतं. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम एमएमआरडीएचं (म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं), सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम पण एमएमआरडीएनेच काढलं, आतले रस्ते महापालिकेचे, आणि तुमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटच्या आतला रस्ता बहुतेक वेळा बिल्डरचा किंवा सोसायटीचाच असतो, तो महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसतो. मोठ्या कॉम्प्लेक्समधे राहणाऱ्यांनी हे आधी बघा. रस्ता डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता आहे का, असेल तर ताब्यात दिलाय का, हे शहर विकास विभागात कळतं. खाजगी जागेवर महापालिकेचा पैसा टाकायचा म्हटलं की फाइल तिथेच अडते आणि त्यात नगरसेवकाचा काही दोष नसतो.

विजेचं असंच. घरातली लाइट गेली तर महावितरण, कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून टोरंट पॉवर, पण रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग. पाणी कमी येतंय तर तक्रार महापालिकेकडेच, पण शहराला पाणी चार ठिकाणांहून येतं, महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका, त्यामुळे तुमच्या टाकीला कुठलं पाणी येतं ते विचारून घ्या, दिवा-मुंब्र्याचा प्रश्न आणि नौपाड्याचा प्रश्न एक नसतो.

आणि गटार. पावसाचं पाणी वाहून नेणारं गटार वेगळं, संडास-बाथरूमचं पाणी नेणारी ड्रेनेज लाइन वेगळी, विभाग पण वेगळे. चेंबरमधून वास मारणारं काळं पाणी वर येत असेल तर मलनिस्सारणवाले, पावसात नुसतं पाणी साचत असेल तर बांधकाम विभाग, कचऱ्याने तुंबलं असेल तर घनकचरा. अर्जात नुसतं "गटाराचा प्रॉब्लेम" लिहिलं तर तो कागद तीन टेबलांवर फिरतो.

झाडाची फांदी तोडायची असेल तर हाताने तोडू नका, कोणा नगरसेवकाच्या शब्दावर पण तोडू नका. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज उद्यान विभागात.

३. गल्लीतली माणसं एकत्र करा

एकट्याने गेलात तर तुमची तक्रार, दहा सोसायट्यांनी मिळून दिली तर गल्लीची मागणी, आणि नगरसेवकाला साहेबांसमोर बोलताना या दुसऱ्याचाच उपयोग होतो.

यासाठी संघटना काढायची गरज नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक बिल्डिंगमधून एक माणूस, चाळ असेल तर चाळीतून एक, कोपऱ्यावरचा दुकानदार, आणि जवळच्या गणपती मंडळातला एखादा कार्यकर्ता, इतके जण पुरे. मंडळाच्या पोरांना कमी समजू नका, त्यांना मुकादमापासून ज्युनिअर इंजिनिअरपर्यंत सगळे नावानिशी माहीत असतात कारण दरवर्षी मंडपाच्या परवानगीसाठी त्यांनी तीच ऑफिसं पालथी घातलेली असतात. ज्येष्ठ नागरिकांना तर नक्की घ्या, सकाळी अकरा वाजता ऑफिसला जायला तेच मोकळे असतात आणि कुठल्या साली कुठली पाइप टाकली हे त्यांच्याच लक्षात असतं.

चाळवाल्यांना आणि टॉवरवाल्यांना एकाच बैठकीला बोलवा. पाणी साचतं ते दोघांच्याही दारात, पण ग्रुप वेगळे असल्यामुळे दोन वेगळे अर्ज जातात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

पहिल्या बैठकीत सगळे वीस-वीस तक्रारी घेऊन येतील. येऊ द्या, सगळ्या लिहून घ्या, आणि मग त्यातल्या तीन निवडा. माझं मत विचाराल तर आधी पाणी-गटार, मग दिवे, मग चालायला फुटपाथ, आणि बाकडी, सेल्फी पॉइंट, कमानी हे सगळ्यात शेवटी. निधी एकदाच मिळतो, तो बाकड्यांवर गेला तर पावसाळ्यात त्याच बाकड्याखाली पाणी असतं.

४. कागद तयार करा

काय काय लागतं ते लिहून देते, एका फायलीत लावून ठेवा:

– अर्ज, सोसायटीच्या लेटरहेडवर, चाळ असेल तर साध्या कागदावर
– सह्यांचा कागद, नाव, फ्लॅट किंवा खोली नंबर, मोबाइल आणि सही (नुसत्या सह्या असतील तर त्याला वजन नसतं)
– फोटो, प्रिंट काढून, मागे तारीख आणि जागा लिहून, शक्यतो एक पावसातला आणि एक कोरड्या दिवसातला
– हाताने काढलेला साधा नकाशा, जवळची खूण दाखवून
– दिव्याची तक्रार असेल तर खांबावर रंगवलेला नंबर
– आधी कोणी तक्रार केली असेल तर तिचा नंबर
– मालमत्ता कराच्या बिलाची झेरॉक्स, सक्तीची नाही, पण लावा

अर्ज मोठा लिहू नका. एका अर्जात एकच काम. भाषा साधी ठेवा, साधारण असं:

"प्रति, मा. सहाय्यक आयुक्त, माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती. विषय: अमुक रस्त्यावर, अमुक इमारतीसमोर पावसाचे पाणी साचत असल्याबाबत. महोदय, सदर ठिकाणी दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते. गटाराचे चेंबर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेले आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना व रुग्णांना त्रास होतो. तरी जागेची पाहणी करून उपाययोजना करावी व केलेली कार्यवाही लेखी कळवावी. सोबत फोटो, नकाशा व सह्या. प्रत माहितीसाठी: प्रभागातील सर्व मा. नगरसेवक."

ते शेवटचं "लेखी कळवावी" विसरू नका.

चार झेरॉक्स घ्या आणि प्रभाग समितीच्या टपाल टेबलावर द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, याला पोच म्हणतात आणि ही पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेबांच्या टेबलावर ठेवून जा" असं कोणी म्हणालं तरी नाही. पुढच्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न आवक नंबर काय हाच येतो.

५. मग नगरसेवकांना भेटा

बरेच जण आधी नगरसेवकाकडे जातात आणि मग अर्ज करतात. मी सांगेन उलटं करा. पोच हातात घेऊन गेलात की बोलणं दहा मिनिटांत संपतं आणि त्यांनाही बरं पडतं.

जनसंपर्क कार्यालयाची वेळ आधी फोन करून विचारा, बहुतेकांची संध्याकाळची असते. तीन-चार जण जा, पंधरा नको. त्यांच्या ऑफिसात फोन उचलणारा, वही सांभाळणारा जो कोणी असेल त्याच्याशी नीट बोला, नंबर घ्या, कारण रोजचा पाठपुरावा त्याच्याशीच होणार आहे.

निवडून आलेल्यांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात हे माहीत असेलच. काही ठिकाणी ताई निवडून आलेल्या असतात आणि सगळं बोलणं त्यांच्या मिस्टरांशी नाहीतर भावाशी होतं. तुम्ही ताईंशीच बोला, पत्र त्यांच्या नावाने द्या, पाहणीला त्यांनाच बोलवा. सभागृहात उभं राहून बोलणार त्या, सही त्यांची लागणार, त्यामुळे विषय त्यांना कळलेला असायला हवा, आणि मी बघितलंय की पाण्याचा नाहीतर गटाराचा विषय निघाला की ताई जे बारकावे विचारतात ते दुसरं कोणी विचारत नाही.

तीन गोष्टी मागा, स्पष्ट: जागेवर पाहणीची तारीख, तुमच्या अर्जाला जोडायला त्यांचं पत्र, आणि काम निधीतून होणार की देखभाल दुरुस्तीतून याचं उत्तर.

(रहिवासी दाखला, आधारवरचा पत्ता बदलायला लागणारं प्रमाणपत्र, याच्यासाठी पण नगरसेवकाची सही चालते, पण तो वेगळा विषय, त्याच भेटीत ते काढू नका, फोटो आणि ओळखपत्र घेऊन वेगळे जा. आणि यातल्या कुठल्याच गोष्टीला कोणाला पैसे द्यायचे नसतात.)

६. स्थळ पाहणी

सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, काम होणार की नाही ते इथे ठरतं.

आमच्या गल्लीतली एक पाहणी सांगते म्हणजे कळेल. आम्ही नवीन गटार मागितलं होतं, पूर्ण गल्लीभर. सकाळी ताई आल्या, बरोबर ज्युनिअर इंजिनिअर आणि मुकादम. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्यात मार्करने खूण करून ठेवली होती, पाणी कुठपर्यंत आलं त्याची, शेजारी तारीख. इंजिनिअरने ती खूण टेपने मोजली, वहीत लिहिली, आणि मग मुकादमाला चेंबर उघडायला सांगितलं. झाकण रस्त्याच्या वीतभर खाली, कारण दरवेळी वरून डांबर चढवलंय आणि चेंबर तिथेच राहिलाय. पहारीने झाकण सरकवलं तर आत गाळ, आणि गाळ बाजूला केल्यावर दिसलं की वरून येणारा पाइप मोठा आणि पुढे जाणारा लहान. म्हणजे गटार ठीक होतं, पुढचा पाइपच पाणी घेत नव्हता. नवीन गटाराची गरजच नव्हती. पाइप बदलायचा, चेंबर रस्त्याच्या लेव्हलला आणायचा आणि गाळ काढायचा, एवढंच काम, आणि ते निधीची वाट न बघता देखभालीच्या कामातून झालं.

म्हणून पाहणीला तयारी करून उभे राहा. पाणी कुठे साचतं, कुठून येतं, किती वेळ राहतं हे सांगणारा माणूस हजर हवा. चेंबर उघडायला मुकादम येणार का ते आदल्या दिवशी विचारा. उपाय काय तो तुम्ही ठरवू नका, त्रास काय तो दाखवा, उपाय इंजिनिअरला काढू द्या. पाहणी झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी एक छोटं पत्र द्या, "आज अमुक अमुक यांनी पाहणी केली, असं असं ठरलं", त्याचीही पोच घ्या. याच्याएवढं कामाचं पत्र दुसरं नाही, कारण इंजिनिअरची बदली होते आणि नवीन माणूस पहिल्यापासून सुरू करतो.

७. फाइल कुठे कुठे जाते

हे माहीत असलं की "काम मंजूर आहे" या एका वाक्यावर महिनेच्या महिने जात नाहीत. क्रम साधारण असा: ज्युनिअर इंजिनिअर एस्टिमेट बनवतो, सरकारी दरसूचीप्रमाणे, मग कामाच्या रकमेनुसार वरच्या इंजिनिअरची तांत्रिक मान्यता, मग बजेटमधे तरतूद आहे का याची तपासणी, मग प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मग ठेकेदार ठरतो, मग वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश.

यातल्या कुठल्याही पायरीला लोक "मंजूर" म्हणतात. तुम्ही विचारायचं ते असं: एस्टिमेट झालं का, प्रशासकीय मान्यता मिळाली का, वर्क ऑर्डर निघाली का, निघाली असेल तर तारीख आणि ठेकेदार कोण. वर्क ऑर्डरच्या आधी भूमिपूजनाचा नारळ फुटला म्हणून ग्रुपवर अभिनंदन टाकून पाठपुरावा सोडू नका.

आचारसंहिता लागली की नवीन कामाची वर्क ऑर्डर निघत नाही, चालू झालेली कामं चालू राहतात. महापालिकेची निवडणूक झाली तरी विधानसभा-लोकसभेच्या वेळीही हेच होतं, तेव्हा तारखांकडे लक्ष ठेवा.

८. पैसे आणि वेळ

आयुक्त बजेट मांडतात ते साधारण फेब्रुवारी-मार्चमधे, आधी स्थायी समितीकडे (खर्चाचे विषय बघणारी नगरसेवकांची छोटी समिती), मग महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. खात्यांच्या मागण्या त्याच्या आधीच गोळा होतात. म्हणजे मोठं काम, नवीन रस्ता, फुटपाथ, उद्यान, असलं काही हवं असेल तर दिवाळी संपली की लगेच अर्ज आणि पाहणी झाली पाहिजे. मे महिन्यात मागितलंत तर बजेट छापून झालेलं असतं. नालेसफाई वेगळी, ती पावसाळ्याआधी एप्रिल-मेमधे होते, त्यासाठी मार्चमधेच आपला नाला यादीत आहे का ते विचारा.

"निधी संपला" हे उत्तर मिळालं की घरी येऊ नका. विचारा, कुठला निधी? नगरसेवकाचा निधी एक, प्रभाग सुधारणेचा एक, खात्याच्या देखभाल दुरुस्तीचे पैसे वेगळे. खड्डा, चेंबरचं झाकण, बंद दिवा ही रोजच्या देखभालीची कामं, त्यांना निधीची गरजच नाही. मोठ्या कामाला आमदार निधी असतो, तो वर्षाला ५ कोटी, खासदार निधी पण ५ कोटी, पण ते पूर्ण मतदारसंघासाठी असतात म्हणून तिथे जाताना एकच नेमकं काम घेऊन जा आणि नगरसेवकांनाही बरोबर घ्या.

९. अडकलं तर

महिनाभर काही हललं नाही तर आवक नंबर घालून स्मरणपत्र द्या. त्यानंतरही नाही तर हे तीन रस्ते.

पहिला, प्रभाग समितीची बैठक. सहाय्यक आयुक्तांच्या ऑफिसवर लिहिलेली समिती तीच, पण नगरसेवक आल्यावर ती खऱ्या अर्थाने भरते, त्या भागातले सगळे नगरसेवक तिचे सदस्य असतात आणि त्यांच्यातलाच एक अध्यक्ष. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतून हे आलंय. पाणी, ड्रेनेज, सफाई अशा स्थानिक तक्रारी सोडवणं हे तिचं कामच आहे. आणि फार कमी लोकांना माहितीये की समितीवर सामाजिक संस्थांमधून तीन जणांपर्यंत सदस्य घेता येतात, ते त्या भागातले मतदार हवेत. तुमच्या भागात खरं काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर नगरसेवकांकडे याची मागणी जरूर करा. क्षेत्र सभेची पण तरतूद कायद्यात आहे, नगरसेवकाने भागातल्या मतदारांना बोलवून बसायचं, कामांची यादी तिथे ठरवायची. ती घ्या म्हणून लेखी मागा. माझ्या मते पुढच्या पाच वर्षांत एवढी एक सवय जरी लागली तरी खूप फरक पडेल.

दुसरा, महासभा. ती महिन्यातून एकदा तरी होते, पाचपाखाडीच्या मुख्यालयात. नगरसेवकाला तिथे प्रश्न विचारता येतो, पण त्याला तुमचे आवक नंबर आणि तारखा एका पानावर क्रमाने लिहून द्या. अशी तयार यादी मिळाली की ते बोलतात, उभ्या उभ्या सांगितलेलं राहून जातं.

तिसरा, माहितीचा अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. विचारा असं: अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. हा अर्ज टाकताना नगरसेवकांना आधी सांगून टाका, नाहीतर त्यांना वाटतं त्यांच्या विरोधात टाकला आणि विनाकारण संबंध बिघडतात.

राज्य सरकारच्या आपले सरकार पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. तिथेही फोटो आणि आवक नंबर जोडा.

१०. काम सुरू झाल्यावर

वर्क ऑर्डरची प्रत मागा. कामाचं नाव, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम खराब झालं तर ठेकेदाराने किती काळ स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं तो कालावधी. हा शेवटचा आकडा कमिटीच्या भिंतीवर लिहून ठेवा. फुटपाथच्या लाद्या वर्षभरात उखडल्या तर नवीन निधी मागायचा नसतो, त्याच ठेकेदाराकडून करून घ्यायचं असतं, आणि हे माहीत नसल्यामुळे एकाच फुटपाथवर पुन्हा पुन्हा पैसे खर्च होतात.

काम चालू असताना दोन माणसं ठरवा, एक सकाळी बघेल, एक संध्याकाळी. कामगारांशी भांडायचं नाही, ठेकेदाराला सूचना द्यायच्या नाहीत. रोज एक फोटो, शंका असेल तर इंजिनिअरला मेसेज आणि दुसऱ्या दिवशी पत्र. रस्त्याचं डांबरीकरण असेल तर चेंबरची झाकणं वर घेणार का, आणि नवीन रस्ता केल्यावर लगेच केबलवाले खोदणार आहेत का, हे दोन प्रश्न आधीच विचारा.

झाल्यावर आभाराचं पत्र द्या, नगरसेवकांना आणि इंजिनिअरलाही. तक्रारीची पत्रं त्यांना रोज मिळतात.

नवी मुंबईकरांसाठी थोडं वेगळं

तिथे प्रभाग २८ आहेत, पॅनल पद्धत, म्हणजे एका प्रभागात अनेक नगरसेवक, तीच. प्रभाग समितीच्या ऐवजी लोक विभाग कार्यालय म्हणतात, बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. तिथला मुख्य प्रश्न अखत्यारीचा, मोकळा प्लॉट सिडकोचा (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) की महापालिकेचा, कारखान्यांच्या पट्ट्यातला रस्ता एमआयडीसीचा की महापालिकेचा, आणि सायन-पनवेल हायवे सार्वजनिक बांधकाम विभागाचा. उद्यान किंवा मैदान मागत असाल तर आधी त्या प्लॉटचा नंबर आणि तो कशासाठी राखीव आहे ते सिडकोकडून काढा. पाण्याचं मात्र बरं आहे, मोरबे धरण महापालिकेचं स्वतःचं, त्यामुळे त्यांच्या हद्दीतल्या पाण्यासाठी विचारायचं दार एकच.

शेवटी काही सुटे मुद्दे

अर्जावर कुठल्याही पक्षाचं नाव, चिन्ह, बॅनर नको, सोसायटीत फूट तिथूनच पडते.

व्हॉट्सअॅपवर नगरसेवकाला फोटो पाठवणं चालतं, पण तो अर्ज होत नाही. आणि ग्रुपवर त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी काम मागायला जायचं, हे बंद करा, स्क्रीनशॉट पोचतात.

कमिटी बदलली की फाइल नवीन कमिटीला हातात द्या, पोच, पत्रं, फोटो, वर्क ऑर्डर, सगळं, आणि देताना त्यांना एकदा टपाल टेबल आणि ज्युनिअर इंजिनिअरची केबिन प्रत्यक्ष नेऊन दाखवा. पहिल्या पावसाच्या दिवशी दोघं-तिघं छत्री घेऊन चेंबरपाशी जा, पाणी जातंय का ते बघा, आणि नसेल जात तर त्याच दिवशी दोष दायित्वाची तारीख बघून पत्र टाका.